मासे तळताना निवडलेलं पेडल

हॉक क्रीकच्या शाळेतली मुलं व्हर्डेल गेन्सला मक्याच्या पावावरून ओळखतात. जेवणाच्या खिडकीत ती उभी असली की कडेचा खरपूस तुकडा मागणाऱ्याला कडेचाच मिळतो, आणि मधला मऊ मागणाऱ्याला मधला. कुणाला काय आवडतं हे तिला पाठ आहे. रविवारी मात्र तीच मुलं चर्चमध्ये तिच्याकडे जरा बिचकूनच बघतात. पांढरा पोशाख, डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर स्टील, उजव्या हाताच्या बोटांत नख्या आणि डोळे मिटलेले. ही बाई आपल्याला पाव वाढते ती नव्हेच, असं त्यांना वाटतं.

स्टील म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार. डाव्या हातातली गुळगुळीत लोखंडी कांडी तारांवरून सरकली की सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारत नाही, माणसाच्या गळ्यासारखा घसरत जातो. हॉक क्रीकच्या चर्चमध्ये ऑर्गनही आहे आणि ढोलही आहेत. पण पास्टर बोलू लागले की त्यांच्या वाक्याच्या शेवटी हुंकार भरायचा तो स्टीलनं, आणि भजन सुरू करायचं तेही स्टीलनं. व्हर्डेलच्या आजोबांच्या काळापासून हे असंच चालत आलं आहे.

व्हर्डेलच्या हाती स्टील आलं ते तिच्या काकाचा हात चुन्याच्या खाणीत चेंगरला तेव्हा. चर्चमधल्या मुलींनी तोवर खंजिरीच वाजवली होती. पुरुषमंडळी कुजबुजली, पण मदर ओडेसा उठल्या. चर्चमधल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला तिथे मदर म्हणतात. ओडेसाबाई तेव्हा काही फार म्हाताऱ्या नव्हत्या, पण मदर झाल्या होत्या. त्यांनी व्हर्डेलला काकाच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"हं, विचार. 'कोणी आहे का?' असं विचार मला."

व्हर्डेलनं कांडी सरकवली. मदर हलल्या नाहीत.

"मदर, विचारलं मी."

"तू नाही विचारायचं, स्टीलनं विचारायचं. मला शब्द ऐकू आला नाही. पुन्हा."

उन्हाळाभर हे चाललं. सूर बरोबर असे, ताल बरोबर असे, पण मदर ओडेसा भिंतीकडे तोंड करून मुकाट उभ्या. पानगळ सुरू झाली तेव्हा एका संध्याकाळी व्हर्डेल चिडून, रडकुंडीला येऊन वाजवत होती, आणि मदरच्या तोंडून एकदम निघून गेलं, "आहे, इथेच आहे!" मग त्या वळल्या आणि म्हणाल्या, "हं. आता तुला येतं."

व्हर्डेल आज साठीला आली आहे, आणि या सगळ्या वर्षांत तिनं स्वतःच्या वाजवण्याला दुसरी कसोटी लावलेली नाही. कुणी वाहवा केली तर ती नुसती मान हलवते. लोकांनी ओ दिली पाहिजे.

तिचा अँप्लिफायर व्हॉल्व्हचा आहे. जुन्या रेडिओत असत तसले काचेचे व्हॉल्व्ह त्यात मागच्या बाजूला मिणमिणतात. चर्चच्या बायकांनी शुक्रवारी तळलेल्या मासळीची ताटं विकून तो घेतला, म्हणून व्हर्डेल त्याला कधी 'माझा' म्हणत नाही, 'आपला अँप' म्हणते. या अँपचा स्वभाव असा, की आवाज लहान ठेवला तर तो शहाण्या मुलासारखा स्वच्छ बोलतो. बटण निम्म्यावर नेलं की व्हॉल्व्हवर ताण येतो, आवाजाला कड येते, सूर घोगरा होतो, फाटतो, आणि मग ते स्टील बोलू लागतं. सगळी गंमत त्या फाटण्यात आहे. व्हर्डेलनं आयुष्यभर बटण निम्म्यावर ठेवलं.

मग मदर ओडेसांच्या कानात यंत्रं आली.

नव्वदीला टेकलेल्या बाईला मुलांनी अटलांटाहून येऊन ती करून दिली होती. मदर खूश होत्या. आपला फ्रीज आवाज करतो हे त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं. पण चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसल्या आणि पाठीमागच्या कोपऱ्यातून स्टील उसळलं, तशी यंत्रं कानात शिट्ट्या मारू लागली. त्यांनी ती काढून पर्समध्ये टाकली. पुढच्या रविवारीही तसंच झालं. प्रवचन संपल्यावर त्या बाहेर व्हरांड्यात कुणाला तरी विचारत होत्या, "आज पास्टर कशावर बोलले गं?"

व्हर्डेलनं ते ऐकलं. पुढच्या रविवारी कुणी सांगण्याआधीच तिनं बटण खाली आणलं.

आता मदरना प्रवचन ऐकू येत होतं आणि स्टील शहाण्या मुलासारखं बोलत होतं. सूर सगळे जागेवर होते, पण कुणी ओ देत नव्हतं. लोक आपले कागदी पंखे हलवत बसत. असे काही रविवार गेल्यावर पास्टर गेडी तिच्या खुर्चीपाशी आले. मोठा सभ्य माणूस, वाईट बोलायचं झालं की आधी हवापाण्याचं बोलतो.

"काय उकडतंय, सिस्टर व्हर्डेल."

"बोला, पास्टर."

"मी म्हणत होतो, होमकमिंगला भजन यंदा ऑर्गननं सुरू केलं तर? फक्त यंदा. तुम्हाला जरा आराम."

होमकमिंगचा रविवार म्हणजे त्या चर्चचं माहेरपण. डेट्रॉइटला, अटलांटाला, कुठे कुठे पांगलेली माणसं ऑगस्टमध्ये त्या एका दिवसासाठी येतात. त्या दिवशी भजन स्टीलनं सुरू केलं नाही असं व्हर्डेलच्या आठवणीत कधी झालं नव्हतं. यंदा झालं, तर ते पुढेही होत राहणार, हे तिलाही कळत होतं आणि पास्टरांनाही.

"होमकमिंगपर्यंत मला वेळ द्या," ती म्हणाली.

"वेळ आहेच की," पास्टर म्हणाले. "उकडतंय मात्र खरंच."

जवळच्या ओकाला गावात लॉयडचं दुकान आहे. जुने अँप दुरुस्त करणारा हा उंच, वाकलेला गोरा माणूस व्हर्डेलच्या अँपचे व्हॉल्व्ह नेहमी बदलून देतो. तिनं त्याला सगळं सांगितलं. अँप मोठा करायचा नाही, पण तो मोठा केल्यावर जसा रडतो तसा लहान आवाजात रडला पाहिजे.

"म्हणजे ओव्हरड्राइव्हचं पेडल," लॉयड म्हणाला. "गिटार आणि अँपच्या मध्ये जोडायचं, पायानं दाबायचं. अँपला पुढून थोडा धक्का देतं."

"मग दे एक."

"मिस व्हर्डेल, चपला देतात तसं नाही ते. प्रत्येक अँपचं कुणाशी पटतं, कुणाशी नाही पटत. तीन घेऊन जा. दोन परत आण."

"आणि तिन्ही आवडली नाहीत तर?"

"तर मला मासे आणून दे आणि आपण दोघं दुःख करू."

एक पेडल काळं होतं, एक पिवळं, आणि तिसऱ्याचा रंग कधीच उडून गेला होता, नुसता पत्रा दिसत होता. व्हर्डेलनं ती गॅरेजमध्ये एकेक करून लावून पाहिली. तिचा नवरा हायरम ट्रक चालवून निवृत्त झालेला. तो मासेमारीचे गळ बांधत दारात बसला होता.

पिवळं लावलं. आवाज स्वच्छ, गोड, वर जरासा खरखरीतपणा.

"छान," हायरम म्हणाला.

पत्र्याचं लावलं. सूर सगळा मधोमध गोळा झाला आणि नाकातून आल्यासारखा बाहेर पडला.

"अगं, मांजर अडकलंय कुठंतरी! आधी मांजर सोडव!"

"गप्प बस रे."

"नाही, खरंच. मला गाडीखाली बघू दे."

मग काळं. व्हर्डेलनं त्याचं घोगरेपणाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं आणि कांडी ठेवली. आवाज मधासारखा दाट आला, वरपासून खालपर्यंत भरलेला, आणि थांबायचं नाव घेईना. हायरमच्या हातातला गळ तसाच राहिला.

"हे घे," तो म्हणाला. "वाद संपला."

व्हर्डेललाही तसंच वाटलं. तो सगळा आठवडा तिनं गॅरेजमध्ये काळं पेडल वाजवलं. शाळेतून आली की आधी अँप चालू करायची, चहा नंतर. हायरम रात्रीच्या जेवणाला स्वतःच मका उकडायला शिकला.

बुधवारी प्रार्थनासभा असते. तिनं काळं पेडल नेलं. ढोल सुरू झाले, ऑर्गन सुरू झाला, माणसं टाळ्या देत उभी राहिली, आणि व्हर्डेल वाजवत राहिली. आपण काय वाजवतोय हे तिचं तिलाच ऐकू येईना. तो दाट मध खालच्या बाजूनं ढोलात मिसळून गेला आणि वरच्या बाजूनं टाळ्यांत. तिनं पेडलवरचं घोगरेपणाचं बटण पुन्हा शेवटपर्यंत नेलं, तर सूर आणखीच पुसट झाला. मीठ पाण्यात जावं तसं तिचं वाजवणं त्या गाण्यात विरून गेलं.

सभा संपल्यावर मदर ओडेसा काठी टेकत तिच्याजवळून गेल्या, थांबल्या.

"अगं व्हर्डेल! आलीस कधी?"

"सुरुवातीपासून आहे, मदर."

"होय? मग आज वाजवलं का नाहीस?"

त्यांच्या मनात काही नव्हतं. खरोखरच विचारत होत्या. व्हर्डेलनं पेडल हातरुमालात गुंडाळलं आणि ती हायरमच्या गाडीत जाऊन बसली. घरी येईपर्यंत त्यानं मांजराचा विषयही काढला नाही, तेव्हाच तिला समजलं की त्यालाही स्टील ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्वयंपाकघरात नेहमीचा गोंधळ होता. धुराड्याचा पंखा घरघरत होता, ताटल्या आदळत होत्या, बाहेर शंभर मुलं एकदम ओरडत होती. व्हर्डेल भट्टीपाशी पाठमोरी उभी होती. "व्हर्डेल, खालचा कप्पा करपतोय!" असं ऐकू आलं आणि तिनं झटकन दार उघडलं. मग ती थांबली.

बोलली होती जोसी. ती भांडी धुण्याच्या टोकाला होती. जोसी कधी ओरडत नाही. आवाज बारीक, नाकातला, जुनी कडी वाजावी तसा. चर्चमध्ये तीच खंजिरी वाजवते आणि गायला लागली की सगळ्या हसतात. दिवसभर त्या गोंगाटात चौघीजणी घसा फोडून बोलत होत्या, आणि पोचत होती एकटी जोसी.

"जोसी, परत बोल."

"काय?"

"काहीही बोल."

"खुळी झालीस का? पाव करपतोय म्हटलं!"

"देव तुझं भलं करो," व्हर्डेल म्हणाली आणि पाव बाहेर काढला.

घरी येऊन तिनं लॉयडला फोन केला. तिकडून आधी विचारणा झाली ती माशांची.

"मासे मिळतील. मला सांग, घोगरेपणाचं बटण मी शेवटपर्यंत नेलं तर सूर पुसट का होतो?"

"शेवटपर्यंत?" लॉयडला हसू आवरेना. "मिस व्हर्डेल, रडायचं काम पेडलचं नाही. ते तुझ्या व्हॉल्व्हचं. पेडलनं नुसतं पाठीला हात लावून पुढे ढकलायचं. घोगरेपणाचं बटण जवळजवळ शून्यावर ठेव, आवाजाचं चढव. आणि वाजवून बघताना कोण गात होतं?"

"कोण गाणार? गॅरेजमध्ये हायरम होता."

"मग तू गॅरेजसाठी पेडल निवडलंस."

व्हर्डेलला स्वतःचाच राग आला, मग हसू आलं. तिच्या चर्चमध्ये स्टील आजवर कुणी एकटं ऐकलेलं नव्हतं. ते असतं ते कुणाच्या तरी बोलण्याच्या शेवटी, कुणाच्या तरी गाण्याच्या आधी. आणि तिनं ते एका रिकाम्या खोलीत, गळ बांधणाऱ्या नवऱ्यासमोर तोलून पाहिलं होतं.

होमकमिंगच्या आधीच्या शुक्रवारी चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरात बायका मासे तळतात. दाराशी गाड्यांची रांग लागते. मोठ्या कढया, मक्याच्या पिठाच्या पराती, एकीचं बोलणं संपायच्या आत दुसरीचं सुरू. मदर ओडेसा टेबलाशी बसून पिठात मीठ-मिरपूड कालवतात. ते काम त्या कुणाला देत नाहीत. त्या शुक्रवारी व्हर्डेलनं अँप आणि स्टील आणून बटाट्यांच्या पोत्याजवळ मांडलं.

"हे काय," जोसी म्हणाली, "मासे नाचवणार आहेस?"

"तू आपलं तळ. माझ्याकडे बघू नका कुणी."

"बघतंय कोण? मासे साफ करायचे म्हटलं की हिला देव आठवतो."

हशा झाला. व्हर्डेलनं अँपचं बटण अगदी खाली ठेवलं, मदरच्या कानातली यंत्रं शांत राहतील इतकं. कढया चुरचुरत होत्या, एकीनं गाणं धरलं होतं, बाकीच्या साथ देत होत्या. आधी तिनं काळं पेडल लावलं, घोगरेपणा कमी करून. बरं वाटलं, बुधवारपेक्षा पुष्कळ बरं. पण गाणाऱ्या गात राहिल्या, बोलणाऱ्या बोलत राहिल्या. जसा काही एक आणखी पंखा चालू केला होता.

मग पिवळं. जोसीनं मान वर केली.

"हे गोड आहे गं. छान आहे." आणि तिनं मासा उलटला.

व्हर्डेलनं मान हलवली आणि वायर काढली. कौतुक झालं होतं.

राहिलं पत्र्याचं. घोगरेपणा शून्याच्या जरा वर, आवाज चढवलेला. अँपच्या मागे व्हॉल्व्ह मिणमिणत होते. गाणं एका कडव्याच्या शेवटाला आलं होतं, दारात कुणीतरी ताटं मागत होतं, आणि तिनं कांडी तारांवर ठेवून जुना पहिला धडा विचारला, हळूच, कोणी आहे का?

"आहे, इथेच आहे!" मदर ओडेसा म्हणाल्या.

त्यांची पाठ होती. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते. बोलून झाल्यावर त्यांनी मान वळवून बघितलं, आपल्याला कुणी हाक मारली म्हणून. जोसीचा झारा हवेत थांबला. गाणाऱ्यांतल्या एकीनं तोवर पुढचा शब्द उचलला होता आणि तो स्टीलनं ठेवलेल्या सुरावरच उचलला होता, तिला स्वतःला कळलंही नव्हतं.

"मदर, कानात शिट्टी वाजतेय का?" व्हर्डेलनं विचारलं.

"कसली शिट्टी?" मदर म्हणाल्या. "तू वाजव. आणि जोसी, मासा जळतोय."

व्हर्डेलनं तिथेच ते पेडल एप्रनच्या टोकानं पुसलं. बटणांच्या फटीत मक्याचं पीठ गेलं होतं, ते काही निघेना. तिनं राहू दिलं. घरी हायरमला सांगितलं, तर त्यानं गंभीर चेहरा केला.

"म्हणजे मांजर," तो म्हणाला.

"मांजर."

"मग मांजराला दूध लागेल," असं म्हणून तो उठून गेला आणि पेडलसाठी नवी बॅटरी घेऊन आला.

रविवारी चर्च भरून वाहत होतं. खिडक्यांच्या बाहेरही खुर्च्या मांडल्या होत्या. पास्टर गेडी सकाळी लवकर येऊन व्हर्डेलच्या खुर्चीपाशी थांबले, उकाड्याबद्दल दोन वाक्यं बोलले आणि मग तिच्याकडे बघितलं.

"मी सुरू करते, पास्टर," ती म्हणाली.

"ऑर्गन तयार आहे, लागला तर."

"असू दे तयार. माझ्या मागून येऊ दे."

पहिल्या बाकावर मदर ओडेसा होत्या, कानांत यंत्रं, डोक्यावर जांभळी हॅट. अँपचं बटण शुक्रवारी होतं तिथेच होतं. व्हर्डेलनं डोळे मिटले, पायानं पेडल दाबलं आणि विचारलं.

सुरुवातीला त्या गर्दीत फक्त एक आवाज उठला, पुढच्या बाकावरून, म्हातारा आणि ठाम. मग डेट्रॉइटहून आलेल्यांच्या बाकांतून काही उठले. ज्यांनी वर्षभर हे ऐकलं नव्हतं त्यांनीच आधी ओ दिली. नंतर भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळे उभे राहिले, टाळ्या सुरू झाल्या, ढोल आला, ऑर्गन आला, आणि त्या सगळ्यातून तो नाकातला, फाटका, बारीक आवाज वाट काढत चालला होता. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना कळत होता. जोसीची खंजिरी त्याच्या शेजारून चालली होती.

पास्टर गेडी प्रवचनाला उभे राहिले तेव्हा प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते थांबत आणि स्टीलला जागा देत. मध्येच एकदा, भर रंगात, त्यांनी घामेजल्या चेहऱ्यानं व्हर्डेलकडे बघितलं आणि तळहात वर उचलला, वाढव, अजून वाढव. व्हर्डेलला तो हात दिसला. तिनं मदरच्या जांभळ्या हॅटकडे बघितलं. हॅट तालावर डोलत होती आणि पर्स बंद होती. तिनं बटणाला हात लावला नाही. कांडी मात्र थोडी जास्त सरकवली.

जेवणाची टेबलं ओकच्या झाडांखाली मांडली होती. व्हर्डेल ताट घेऊन मदरच्या शेजारी बसली. मदरनी बोटं पुसली आणि तिच्याकडे नीट बघितलं.

"आज आली होतीस," त्या म्हणाल्या.

"आले होते, मदर."

"हं. आता ऊठ, आणि रताळ्याची गोड पाई आण माझ्यासाठी. जोसीनं टेबलाखाली लपवलीय, तिला वाटतं मला ऐकू येत नाही."

व्हर्डेल उठली. दोन पेडलं गाडीत होती, सोमवारी लॉयडकडे परत जायची, वर तळलेल्या माशांचं एक ताट झाकून. तिसरं आत अँपवर होतं, पिठासकट.